अभ्यासपाठ : मुखाने कबूल करणे म्हणजे काय?

वाचन : मार्क ७:३१-३७, लूक १:५७-६६, योहान ९:१-३



रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल अंतःकरणातला विश्वास आणि मुखाची कबुली एकत्र जोडतो आणि विश्वास ऐकण्याने होतो असेही पुढे सांगतो. बाप्तिस्म्याच्या तयारीत आपण हा अध्याय घेतोच. पण ज्याला ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही, त्याचे काय?

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका मंडळीत यंदा हा प्रश्न उभा राहिला. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या एका पावरा तरुणीने बाप्तिस्मा मागितला. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. ही आजीजवळ राहून शेळ्या सांभाळते, शाळेत फारशी गेलेली नाही. वडीलमंडळींत दोन मते पडली. "तिला काय समजले, हे आपल्याला कसे कळणार?" असे विचारणारे लोक कठोर नव्हते. बाप्तिस्म्याचा मान राहावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अभ्यास घ्यायला त्यांनी मला बोलावले.

आम्ही आधी मार्क उघडला. दकापलीस प्रांतात येशू बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो, कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहून उसासा टाकतो. शब्द येतो तो सर्वांत शेवटी, आणि तोही एकच. त्याआधीचे सगळे त्या माणसाला डोळ्यांनी दिसावे, अंगाला कळावे असे होते. माझ्या मते प्रभू त्याच्याशी खुणांनी बोलत होता : दुखणे कुठे आहे, मदत कुठून येणार आहे.

मग लूक. जखऱ्याची वाचा बंद आहे. बाळाचे नाव काय ठेवायचे, हे लोक त्याला खुणावून विचारतात. तो पाटी मागतो आणि लिहितो. त्याने लिहिले आधी, जीभ सुटली नंतर. त्याचे आज्ञापालन देवाने पाटीवरच मान्य केले. पौलही मुख आणि अंतःकरण हे शब्द अनुवादाच्या ३० व्या अध्यायातून घेतो, आणि तिथे सगळा रोख वचन आचरणात आणण्यावर आहे, आवाजावर नाही.

हे झाल्यावर आम्ही तिलाच विचारले. आजी आणि ती यांच्या घरच्या खुणा आहेत. येशू म्हणताना ती तळहातावर बोट टोचते. कर्णबधिरांच्या संकेतभाषेतही येशूची खूण अशीच, तळहातावरच्या खिळ्याची आहे. हे तिला कोणी शिकवलेले नव्हते. तीन बैठकांनंतर पाळकसाहेबांनी होकार दिला. एक वडील अजून राजी नाहीत, पण अभ्यासाला येतात.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८८३ मध्ये त्या वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या; ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण राहिले. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले. अंध स्त्रियांनाही तिथे ब्रेल शिकवले जाई.

आणखी एक अपंगत्व सांगते, कारण ते दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत सिकलसेलही आहे. आपल्या भागातील भिल्ल, पावरा कुटुंबांत हा आजार आढळतो. थंडीने, अंगातले पाणी कमी झाल्याने किंवा अतिश्रमाने हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. अशा तरुणाला घरी आळशी म्हणतात. मंडळीत कधी कधी "विश्वास कमी पडतो" म्हणतात. हे दुसरे वाक्य जास्त लागते. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले आणि प्रभूने तो हिशेबच बाजूला सारला. मग आपण तो पुन्हा का मांडावा? प्रार्थना जरूर करावी, पण गोळ्या बंद करायला कोणी सांगू नये. यूडीआयडी कार्ड काढलेले नसेल तर मंडळीतल्या शिकलेल्या मुलाने ऑनलाइन अर्ज भरून द्यावा आणि तपासणीला सोबत जावे. मोटारसायकल असेल तर उत्तमच.

शिरपूर तालुक्यातल्या एका मंडळीने नाताळची भजने रात्रभर न ठेवता संध्याकाळी सहाला सुरू करायचे ठरवले आहे. मागच्या भिंतीशी गोधड्या आणि पाण्याचा माठ असेल, आणि तिथे बसणाऱ्याला कोणी उठवणार नाही.