डॉक्टरांसमोर नुसती मान डोलवू देऊ नकोस

अगं, सासू-सासरे ग्रीनकार्डावर कायमचे तुझ्याकडे न्यू जर्सीला येतायत, तर त्यांची खोली लावून झाली असेल. कुरडया-पापडांची चिंता करू नकोस, एडिसनला सगळं मिळतं. मला बोलायचंय ते दवाखान्याबद्दल.

आधी विम्याचं उरकते. पासष्टी ओलांडली म्हणून मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, लगेच मिळत नाही. नव्या ग्रीनकार्डवाल्यांना सलग ५ वर्षं इथं काढावी लागतात. म्हणून ते उतरल्यापासून ६० दिवसांच्या आत मार्केटप्लेसवर, म्हणजे सरकारी विमा-बाजारात, त्यांचा विमा घेऊन टाक. मुदत हुकली, तर पुढच्या नोंदणीपर्यंत हात चोळत बसावं लागेल.

आता मुद्द्याचं. आपली वडीलधारी माणसं डॉक्टरांसमोर 'हो हो' करतात आणि बाहेर आल्यावर विचारतात, "काय गं म्हणाले ते?" गावाकडं हे खपून जातं, कारण डॉक्टर घरचे, औषधवालाही ओळखीचा. इथं मान डोलवली की समजलं, असंच धरतात.

दुभाषी मागणं हा हक्क आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी आणि हॉस्पिटलांनी तो फुकट द्यायचा असतो. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० चा आरोग्यसेवा कायदा, दोन्हींचा त्याला आधार आहे. बहुतेक वेळा माणूस फोनवर किंवा स्क्रीनवर येतो. "कशाला तो परका? आपला बंटी बोलेल की," असं सासरे म्हणतील. तिथं ठाम राहा. तातडीचा प्रसंग सोडला तर दवाखान्याने लहान मुलांना दुभाषी करू नये, असा नियमच आहे आणि तो शहाणपणाचा आहे. अंगावरून जातंय, हे सासूबाई दहा वर्षांच्या नातवाकडून सांगवतील का? सुनेसमोरही त्या अडखळतील, हे तू मनात धरूनच चाल.

दुसरं म्हणजे औषधांची पिशवी. क्रोसिनची पाकिटं येणारच. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, इथं त्यालाच ॲसिटामिनोफेन म्हणतात. तेच टायलेनॉलमध्ये असतं, सर्दीच्या कितीतरी औषधांतही असतं. अंग दुखलं म्हणून एक, सर्दीसाठी दुसरं, असं घेत गेलं की डोस नकळत दुप्पट होतो आणि सोसावं लागतं यकृताला. पट्टीवर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव कागदावर उतरवून डॉक्टरांना दे. आयुर्वेदिक औषधंही लपवू नका. काही रसौषधींत शिसं आणि पारा असतो, ते त्यांना कळायलाच हवं.

टीबीच्या तपासणीने घाबरू नका. लहानपणी बीसीजी टोचलेल्यांची त्वचेवरची चाचणी कधीकधी उगीचच पॉझिटिव्ह येते. रक्ताची चाचणी मागून घे, तिला बीसीजीचा अडथळा होत नाही.

तुला वाटेल, सासरे शिकलेले, इंग्रजी पेपर वाचणारे, त्यांना दुभाषी कशाला? तर एक गोष्ट ऐक. कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावी लाओसहून आलेल्या एका हमाँग निर्वासित कुटुंबावर ॲन फॅडिमन यांनी १९९७ साली पुस्तक लिहिलं. त्यांच्या मुलीला फिट्स यायच्या. डॉक्टर तळमळीचे, आईबाप जीव टाकणारे. पण औषधं वारंवार बदलायची, बाटलीवरचं आईबापांना वाचता येत नव्हतं आणि दुभाषी क्वचितच हाताशी असे. इतरही पेच होते, पण हा मोठा. आपण त्यांच्यापेक्षा फार वेगळे, असं मला वाटत नाही. विमा कंपनीचं 'धिस इज नॉट अ बिल' असं स्पष्ट छापलेलं पत्र हातात घेऊन चेकबुक शोधणारे इंजिनियर मी पाहिलेत!

म्हणून डॉक्टरांसमोरून उठण्याआधी एक करायला लाव. गोळी कोणती, कधी, किती दिवस, काय झालं तर फोन करायचा, हे सासऱ्यांनी स्वतःच्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगायचं. इथल्या डॉक्टरांना त्याचं काही वाटत नाही, उलट बरेच जण स्वतःहून तसं सांगायला लावतात. चुकलं तर तिथंच दुरुस्त होतं.

पहिल्या अपॉइंटमेंटचा फोन करशील, तेव्हाच मराठी दुभाषी नोंदवून ठेव. समोरून "हिंदी चालेल का?" असं आलं, तर सासूबाईंना विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस.