जुन्या डेस्कटॉपचा एसएमपीएस बदलताना: खर्च किती, पारख कशी?

आठ-दहा वर्षे वापरलेला डेस्कटॉप अचानक सुरूच होत नाही, किंवा काम करता करता बंद पडतो. अशा वेळी पुष्कळदा दोष एसएमपीएसचा असतो. घरातल्या 230 व्होल्ट विजेतून संगणकाला लागणारा 12, 5 आणि 3.3 व्होल्टचा पुरवठा हाच डबा करतो. बाजारात तो पाचशे रुपयांनाही मिळतो आणि साडेतीन हजारांनाही. स्वस्त डबा जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन जाऊ शकतो. म्हणून खरेदीपूर्वी थोडी पारख करायलाच हवी.

आधी खात्री करा

पॉवर केबल, भिंतीवरचा सॉकेट आणि यूपीएस तपासा. मग दुकानात चालू स्थितीतला दुसरा एसएमपीएस जोडून बघायला सांगा. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवतात, पण पंखा फिरला म्हणजे तो संगणकाचा भार पेलेलच असे नाही. डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टपेक्षा जास्त दाब काही काळ राहू शकतो.

लेबल कसे वाचावे?

डब्यावरच्या मोठ्या अक्षरांतल्या ‘450 वॉट’वर जाऊ नका. बाजूच्या तक्त्यात 12 व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि 12 ने गुणा. 36 अँपिअर असतील तर 432 वॉट होतात. तो डबा नावाला जागतो. 14 अँपिअर असतील तर हाती 168 वॉटच येतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच 12 व्होल्टवर चालतात.

दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा आय-3 किंवा आय-5 असेल आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर संगणक सहसा 150 वॉटच्या आतच राहतो. जीटीएक्स 1050 टीआयसारखे कार्ड लावल्यास आणखी 75 वॉट धरा. त्यामुळे चांगल्या प्रतीचा 400-450 वॉटचा एसएमपीएस पुरेसा आहे. दुकानदाराने 650 वॉटचा आग्रह धरला तरी जादा पैसे घालू नका.

बसेल का?

असेंबल केलेल्या संगणकात बहुधा एटीएक्स मापाचा डबा असतो: 150 मिलिमीटर रुंद, 86 मिलिमीटर उंच. त्याला 24 पिनांचा मुख्य कनेक्टर आणि प्रोसेसरसाठी 4 किंवा 8 पिनांचा वेगळा कनेक्टर लागतो. डेल, एचपी, लेनोव्होच्या अनेक ऑफिस मॉडेलमध्ये मुख्य कनेक्टर 6, 8, 10 किंवा 14 पिनांचा असतो. तिथे त्याच मॉडेलचा एसएमपीएस किंवा योग्य अडॅप्टर केबल लागते. जुना डबा आणि मदरबोर्डच्या कनेक्टरचा फोटो सोबत न्या, म्हणजे दुसरी फेरी पडत नाही.

काही जुन्या डब्यांच्या मागे 115/230 लिहिलेले लाल बटण असते. आपल्याकडे ते 230 वरच हवे. 115 वर ठेवून प्लग लावला तर डबा जागीच उडतो.

साधारण खर्च

- लोकल, ‘80 प्लस’ हे वीज-कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र नसलेला: 500 ते 900 रुपये
- नामांकित कंपनीचा साधा, 400-450 वॉट: 1,600 ते 2,300 रुपये
- 80 प्लस ब्राँझ, 450-550 वॉट: 2,500 ते 3,500 रुपये
- बसवण्याची मजुरी: 200 ते 300 रुपये

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दोन-चार दुकानांत भाव विचारला तर फरक लगेच कळतो. इतरत्र राहणाऱ्यांनी ऑनलाइन किंमत पाहून मगच गावातल्या दुकानात बोलणी करावीत. भाव 18 टक्के जीएसटीसह आहे का, हे आधीच विचारा. पक्के बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. तीन ते पाच वर्षांची वॉरंटी त्याच कागदावर चालते. जुना एसएमपीएस कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या.

घ्यावा कोणता?

संगणक फक्त टायपिंग, बिले आणि मुलांच्या अभ्यासासाठी असेल, तर नामांकित कंपनीचा साधा 450 वॉट पुरे. त्यावर ग्राफिक्स कार्ड असेल, विजेचा दाब सतत कमी-जास्त होत असेल किंवा हार्ड डिस्कवर वर्षांचे हिशेब आणि फोटो असतील, तर ब्राँझच घ्या. एटीएक्स मापाचा चांगला एसएमपीएस उद्या नव्या संगणकातही बसवता येतो, त्यामुळे तो खर्च वाया जात नाही. लोकल डब्यावर वाचवलेले हजार-दीड हजार रुपये मात्र एका मदरबोर्डच्या किमतीपुढे काहीच नाहीत. आणि कोणताही घेतलात तरी घरातले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.