विद्युत मंडल, प्रवाह व रोध : एक पाठ

दोन दिवे एकापुढे एक जोडले तर काय होईल, असे सहावी-सातवीच्या वर्गात विचारावे. पहिला दिवा बरीच वीज खाऊन टाकील व दुसरा मंद जळेल, असे उत्तर बहुधा मिळते. हा समज व्याख्या पाठ करवून जात नाही. तो प्रयोगानेच घालविला पाहिजे.

१.५ व्होल्टचे दोन कोरडे घट, बॅटरीचे एकाच जातीचे दोन दिवे व थोडी तार एवढे साहित्य पुरे. भिंतीवरील विजेचा उपयोग या पाठात कदापि करू नये. प्रथम दोन्ही घटांवर एक दिवा लावावा. तार कोठेही सोडली की दिवा विझतो. कारण प्रवाहास घटापासून निघून घटाकडे परत येणारी अखंड वाट लागते. हीच वाट म्हणजे विद्युत मंडल किंवा परिपथ होय. आता त्याच वाटेत दुसरा दिवा जोडावा. दोन्ही दिवे मंदावतात, पण सारखेच मंदावतात. प्रवाह वाटेत संपत नाही. दिव्यात खर्च होते ती ऊर्जा. रोध वाढल्यामुळे साऱ्या मंडलातलाच प्रवाह घटला.

येथे पाटाच्या पाण्याची उपमा सहज सुचते. ती जपून वापरावी. पाटाचे पाणी वाटेत मुरते, शेवटच्या शेतास कमी पोहोचते, आणि मुलांचा मूळचा गैरसमज त्याने दृढच होतो.

व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम, हा नियम देणारे जॉर्ज ओहम हे कोलोन येथे शाळाशिक्षक होते; त्यांचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. शिरूरकडील घोडकाठच्या व दौंडकडील भीमाकाठच्या मुलांना हा नियम पंपाच्या तारेवरून चांगला समजेल. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या १०० मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे १.७ ओहम असतो. पंप १०० मीटर दूर असल्यास जाण्यायेण्याची तार २०० मीटर, रोध ३.४ ओहम. १० अँपिअर प्रवाहास ३४ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. २३० पैकी १९६ उरतात. दुप्पट जाडीची तार घेतल्यास तूट निम्मी होते.

मात्र दिवा आणि मोटार यांत भेद आहे. दाब उतरला की दिवा केवळ मंदावतो. भाराखालील मोटार उलट अधिक प्रवाह ओढते, तापते आणि अखेर जळते. ओहमचा साधा हिशेब मोटारीस जसाच्या तसा लावू नये.

स्वाध्याय म्हणून पेटीपासून पंपापर्यंतचे अंतर मुलांनी पावलांनी मोजून आणावे. पेटीस वा तारेस कोणीही हात लावू नये, आणि मोजणीच्या वेळी घरचे मोठे माणूस सोबत असावे.