विस्मृतीचा प्रतिबंध : सुरुवात चाळिशीपासूनच हवी

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या घराघरांत आजही सहजपणे उच्चारली जाते. वयोवृद्ध व्यक्ती तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली, किंवा नेहमीच्या बाजारातून परतताना वाट चुकली, तर 'वय झाले' एवढे म्हणून कुटुंबीय तो विषय संपवितात. वास्तविक वयोमानानुसार स्मरणशक्ती किंचित मंदावणे आणि स्मृतिभ्रंश होणे या भिन्न गोष्टी आहेत. शेजाऱ्याचे नाव क्षणभर न आठवणे स्वाभाविक होय. परंतु आयुष्यभर ज्या हातांनी स्वयंपाक केला त्यांना साधा चहा करताना क्रम न आठवणे, किंवा पेन्शनचा नेहमीचा हिशेब न जमणे, ही आजाराची चाहूल असू शकते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतातील ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा आजार.

आजाराचे स्वरूप

जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली या आजाराचे पहिले वर्णन केले. पन्नाशीत विस्मृती जडलेल्या एका स्त्रीच्या मेंदूची तिच्या मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करताना त्यांना दोन वैगुण्ये आढळली : मज्जापेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता. ही पुटे अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची, तर गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा असतो, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ही पुटे विस्मृती जाणवण्याच्या पंधरा ते वीस वर्षे आधीपासून साचू लागतात. सत्तरीत प्रकट होणाऱ्या आजाराचे मूळ पन्नाशीत रुजलेले असते. म्हणूनच प्रतिबंधाचा विचार आजी-आजोबांपुरता मर्यादित न ठेवता, त्यांची सेवा करणाऱ्या मुला-सुनांनी आणि लेकी-जावयांनी स्वतःसाठीही केला पाहिजे.

आपल्या हाती काय आहे?

वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाहीत. तथापि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी चौदा कारणे नमूद केली. अपुरे शिक्षण, बहिरेपणा, अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले घातक कोलेस्टेरॉल, स्थूलता, व्यायामाचा अभाव, धूम्रपान, अतिमद्यपान, डोक्याला झालेली इजा, नैराश्य, एकाकीपणा आणि हवेचे प्रदूषण ही ती कारणे होत. ती सर्व दूर झाल्यास स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा आजार लांबणीवर पडू शकेल, असा आयोगाचा अंदाज आहे. हा अंदाज संपूर्ण समाजाचा आहे. एखाद्या व्यक्तीस त्यातून हमी मिळत नाही.

आहार : कोणताही एक पदार्थ हा आजार रोखत नाही. पालेभाज्या, कडधान्ये, ज्वारी-बाजरी, फळे, शेंगदाणे आणि खाणाऱ्यांसाठी मासे असा आहार रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल यांच्या नियंत्रणास साहाय्यक ठरतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही त्याचाच लाभ होतो. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठ मात्र मर्यादेत असावे. शाकाहारी कुटुंबांनी 'ब-१२' जीवनसत्त्वाची तपासणी अवश्य करावी. त्याच्या अभावी होणारे विस्मरण वेळीच उपचार केल्यास बरेचदा सुधारते.

विहार : फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयोगटातील १,२६० व्यक्तींना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींवर देखरेख असा एकत्रित कार्यक्रम देण्यात आला, किंवा तुलनेसाठी केवळ सामान्य आरोग्य-सल्ला दिला गेला. कार्यक्रमातील गटाची बौद्धिक क्षमता अधिक चांगली राहिली, असे २०१५ साली दिसून आले. अमेरिकेतील अशाच अभ्यासाचा २०२५ सालचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. रोज अर्धा तास झपझप चालणे, भजनी मंडळात वा वाचनालयात नियमित जाणे, नवे काही शिकणे यांस खर्च येत नाही.

श्रवण : कानांकडे आपले सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. ऐकू न येणारी व्यक्ती हळूहळू संभाषणातून बाजूस पडते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत श्रवणयंत्राने सर्वच सहभागींना लाभ झाला नाही. परंतु ज्यांना धोका अधिक होता अशा वृद्धांत बौद्धिक ऱ्हासाचा वेग तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी आढळला.

नवे उपचार

डोनेपेझिलसारखी जुनी औषधे काही काळ लक्षणे सौम्य करतात, आजार थांबवीत नाहीत. मेंदूतील अमायलॉइड दूर करणाऱ्या लेकानेमॅब व डोनानेमॅब या औषधांना अमेरिकेत अनुक्रमे २०२३ व २०२४ साली मान्यता मिळाली. लेकानेमॅबने अठरा महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. ही औषधे केवळ प्रारंभिक अवस्थेतच दिली जातात. ती अत्यंत महाग आहेत आणि मेंदूस सूज येण्याचा वा त्यात रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. गमावलेली स्मृती त्यांनी परत येत नाही.

बाजारातील 'स्मरणशक्तिवर्धक' गोळ्यांविषयीही सावध राहावे. जिंको या वनस्पतीच्या अर्काची तीन हजारांहून अधिक वृद्धांवर झालेली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही.

समारोप

या विवेचनाचे तात्पर्य साधे आहे. रक्तदाबाचे यंत्र, रक्तातील साखरेची तपासणी, श्रवणचाचणी आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही आजमितीस सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील प्रतिबंधाची साधने आहेत. या सेवा गरजूंपर्यंत पोहोचविणारा प्रत्येक दाता एका परीने कोणाची तरी स्मृती जपत असतो. घरातील ज्येष्ठास विस्मरण होत असल्यास त्यास न रागावता, न हसता, तज्ज्ञांकडे न्यावे. आणि त्याच फेरीत, सोबत आलेल्या मुलाने वा मुलीने स्वतःचाही रक्तदाब तपासून घ्यावा, ही विनंती.