जुनी खाट विकण्याआधी

नंदुरबार जिल्ह्यात नवापूर तालुका आहे. त्या तालुक्यात चिंचपाडा हे गाव आहे. सुरतेहून भुसावळला जाणारी रेल्वे याच गावावरून जाते.

या भागातली पुष्कळ माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. उन्हाळ्यात परत येतात. महिनोन्‌महिने राबून मिळवलेले चार पैसे गाठीला असतात. पुढे लग्नसराई असते. पाहुणे येणार असतात. मग घराकडे लक्ष जाते. भिंती धुराने काळ्या झालेल्या दिसतात. आजोबांची खाट डगमगते. आजीची पेटी मळलेली असते. घरातले कोणी म्हणते, "हे जुने काढून टाकू. नवे आणू."

नेमका त्याच वेळी भंगारवाला दारात येतो. खाट उचलून बघतो. नाक मुरडतो. म्हणतो, "कुजकं लाकूड आहे. सरपणाच्या भावानं घेतो." आपल्यालाही तेच खरे वाटते. खाट जाते. तिच्या जागी हप्त्याने नवा पलंग येतो.

बायांनो, दादांनो, इथे जरा थांबा. हो म्हणण्याआधी दोन गोष्टी करा. लाकूड ओळखा. मग हिशेब मांडा.

लाकूड ओळखा

आपल्या भागातल्या जंगलात साग आहे. शिसव, सादडा, खैर, हेद ही झाडेही आहेत. जुन्या माणसांनी याच लाकडांची खाट, पेटी, पाट, दरवाजे केले. वरून ते काळे पडले म्हणजे आतून कुजले असे नाही.

खाटेच्या खालच्या बाजूला, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे, थोडी जागा चाकूने खरवडा. आतून सोनेरी तपकिरी रंग निघाला, हाताला किंचित तेलकट लागले, जुन्या चामड्यासारखा वास आला, तर तो साग समजावा. लाकूड काळसर आणि फार जड असेल, तर ते शिसव असू शकते. खात्री नसेल तर गावातल्या सुताराला दाखवा. सुताराचा हात लाकूड लगेच ओळखतो.

साग किती टिकतो, याचे एक उदाहरण सांगतो. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानाचे एक जहाज बांधले. त्याचे नाव त्रिंकोमाली. ते जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल या गावी पाण्यावर उभे आहे. दोनशे वर्षे होऊन गेली. सागवान समुद्राच्या खाऱ्या पाण्यात इतके टिकते. आपल्या खाटेने तर फक्त चुलीचा धूर सोसला आहे!

आता नवे सागवान सहज मिळते का? नाही. ते फार महाग आहे. आपल्या शेतातला सागसुद्धा परवानगीवाचून तोडता येत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ सालचा कायदा आहे. म्हणून घरातले जुने सागवान ही ठेव आहे. शहरातल्या व्यापाऱ्याला हे ठाऊक असते. मुंबईत चोर बाजारात आणि ओशिवऱ्याला जुन्या लाकडी सामानाची दुकाने आहेत. जुने सामान तिथे घासूनपुसून, तेलपाणी करून ठेवतात आणि चांगल्या किमतीला विकतात. ते घासणे-पुसणे आपल्यालाही घरी करता येते.

हिशेब मांडा

आता आपल्याला लिहिता येते. त्याचा उपयोग करू या. एक कागद घ्या. मधे उभी रेघ ओढा. डावीकडे लिहा: दुरुस्तीला काय लागेल? सुतळी, खिळे, पॉलिश पेपर, तेल, सुताराची एक दिवसाची मजुरी. प्रत्येकापुढे बाजारातला भाव लिहा आणि बेरीज करा.

उजवीकडे नव्या पलंगाची किंमत लिहा. हप्त्याने घेणार असाल तर नुसता हप्ता लिहू नका. गुणाकार करा. समजा, दुकानदार म्हणाला, "महिन्याला फक्त ९०० रुपये. बारा महिने भरा." मग ९०० गुणिले १२ म्हणजे १०,८०० रुपये झाले. तोच पलंग रोखीने ९,००० रुपयांना असेल, तर आपण १,८०० रुपये जास्त भरतो. "फक्त" या शब्दाला भुलू नका. कागदावर सही करण्याआधी तो कागद वाचा. समजला नाही तर वाचता येणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून समजून घ्या.

नवा पलंग कशाचा आहे, हेही विचारा. पुष्कळदा तो लाकडाचा नसतो. लाकडाचा भुसा गोंदात दाबून फळी करतात आणि वर गुळगुळीत कागद चिकटवतात. दिसायला ती छान असते. पण पावसाळ्यात ओल लागली की फुगते. एकदा फुगली की सुतारही हात टेकतो.

आम्ही असे म्हणत नाही की नवे कधी घेऊच नये. खाट खरोखर पोखरली असेल, लाकूड बोटाने चुरत असेल, तर ती काढावी. पण कागदाच्या दोन्ही बाजू बघून मग ठरवावे.

घराचे काम वरून खाली

घर नीटनेटके करायचे तर कामाचा क्रम पाळावा. आधी छप्पर, मग भिंती, मग जमीन आणि शेवटी लाकडी सामान. छप्पर गळत असेल तर रंगवलेल्या भिंतीवर पहिल्याच पावसात ओघळ येतात. केलेला खर्च वाया जातो. म्हणून आधी कौले परतून घ्या. फुटकी बदला.

पक्क्या भिंतीला चुना स्वस्त पडतो. चुन्याची कळी आणा. एक किलो कळीला साधारण पाच लिटर पाणी लागते. हे काम मात्र जपून करावे. भांडे लोखंडाचे किंवा मातीचे घ्या. आधी भांड्यात पाणी घ्या आणि त्यात कळी थोडी थोडी टाका. कळीवर पाणी ओतू नका. चुना उकळतो आणि उडतो. मुलांना लांब ठेवा. डोळ्यांवर चष्मा लावा. डोळ्यात चुना गेलाच, तर लगेच स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवा आणि दवाखाना गाठा.

भिजवलेला चुना एक दिवस तसाच राहू द्या. मग जाड कापडातून गाळा. थोडा डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात घाला, म्हणजे चुना कपड्याला लागत नाही. चिमूटभर नीळ घातली तर भिंत पांढरीशुभ्र दिसते. भिंत आधी झाडून घ्या आणि पाण्याने ओली करा. एकच जाड हात देऊ नका. पातळ दोन-तीन हात द्या. एक वाळला की दुसरा.

भिंत मातीची किंवा कुडाची असेल, तर पांढरी माती आणि गेरू बरे. पण हात लावला की त्यांची भुकटी निघते. त्यावर उपाय चिंचेच्या झाडाखालीच आहे. चिंचोके भाजा आणि त्यांची लाल साल काढा. आतला पांढरा भाग रात्रभर भिजवा, वाटा आणि पाण्यात शिजवा. चिकट खळ तयार होते. आपले धनगर लोक घोंगडीच्या सुताला हीच खळ देतात. ती थोडी गेरूत मिसळा. आधी कोपऱ्यात वीतभर लावून बघा. ठीक वाटले तर सगळी भिंत करा. खळ रोज ताजी करावी. शिळी झाली की तिला बुरशी येते.

खाटेची दुरुस्ती

आता खाटेकडे वळू. जुनी सुतळी सोडा. खाट उन्हात काढा. भोकांत आणि फटींत ढेकूण असतात. तिथे उकळते पाणी ओता आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा.

खाट का डगमगते? दांड्याचे टोक खुराच्या भोकात बसवलेले असते. वर्षानुवर्षे घासून ते झिजते, म्हणून सैल होते. पुष्कळ लोक तिथे मोठा खिळा ठोकतात. तसे करू नका. खिळ्याने खूर चिरतो. सागाच्या किंवा बांबूच्या तुकड्याची पातळ पाचर करा. पांढरा गोंद, ज्याला सगळे फेविकॉलच म्हणतात, तो लावून पाचर ठोका. खाट दोरीने आवळून एक रात्र ठेवा. सकाळी बसून बघा.

लहान भोके आणि चिरा बुजवायला लाकडाचा बारीक भुसा त्याच गोंदात कालवून भरा. खाटेखाली पिठासारखी पांढरी भुकटी रोज पडत असेल, तर आत भुंगा जिवंत आहे. तसा तुकडा सुताराकडून कापून बदलून घ्या. खुरांखाली सपाट दगड ठेवा. जमिनीची ओल वर चढत नाही आणि वाळवीलाही सहज वाट मिळत नाही.

रंग काढताना जपा

धुराची काजळी तेलकट असते. रिठ्याच्या किंवा साबणाच्या कोमट पाण्यात फडके पिळून लाकूड पुसा. पाणी ओतू नका. पुसल्यावर लगेच कोरडे करा.

मग पॉलिश पेपरने घासा. कागदाच्या मागे आकडा असतो. तो वाचा. आकडा लहान तर कागद खरबरीत, आकडा मोठा तर कागद मऊ. आधी ८० नंबर, मग १२० आणि शेवटी २२० घ्या. लाकडावर रेषा दिसतात. त्या रेषांच्या दिशेने घासा. आडवे घासले तर ओरखडे राहतात.

पण थांबा! पाळणा, पेटी किंवा खाट यांवर जुना तेलरंग असेल, तर कोरडे घासू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्याची धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. गरोदर बाईलाही ती वाईट. असा रंग ओला करून खरवडा. हे काम घराबाहेर करा. मुलांना जवळ येऊ देऊ नका. नाका-तोंडाला कापड बांधा. निघालेल्या खपल्या ओल्याच गोळा करा. त्या चुलीत टाकू नका. काम झाल्यावर हातपाय आणि कपडे धुवा.

नवा रंग घेताना डब्यावरचे वाचा. सरकारने २०१६ साली नियम केला. तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत शिसे ९० भागांहून जास्त नसावे, असा तो नियम आहे. तसे डब्यावर छापलेले असते. दिसले नाही तर दुकानदाराला विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.

पेटीच्या पितळी कड्या आणि बिजागऱ्या काळ्या पडल्या असतील, तर चिंचेचा कोळ आणि थोडे मीठ लावून चोळा. पितळ सोन्यासारखे चमकते. लगेच धुऊन कोरडे करा. लोखंडी खिळ्यांना मात्र कोळ लागू देऊ नका, ते गंजतात.

शेवटी तेल

घासलेल्या लाकडाला अळशीचे तेल लावावे. रंगाच्या दुकानात ते उकळून पक्के केलेले मिळते. तेच घ्या, ते लवकर वाळते. पहिल्या हाताला तेलात तेवढेच टर्पेंटाइन मिसळा. फडक्याने पातळ लावा. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल पुसून काढा. एक दिवस वाळू द्या, मग दुसरा हात द्या. खाण्याचे शेंगदाण्याचे तेल लावू नका. ते वाळत नाही, चिकट राहते आणि धूळ धरते.

एक मोठा धोका इथे आहे. अळशीचे तेल लागलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. काडी लावायची गरज पडत नाही. म्हणून काम होताच फडकी पाण्यात बुडवा, नाहीतर घराबाहेर दगडावर पसरून वाळवा. टर्पेंटाइनही चुलीजवळ नेऊ नका.

हे सगळे काम पावसाआधी उरकावे. पावसाळ्यात हवा दमट असते. तेल वाळत नाही.

तेल वाळले की खाट नव्या सुतळीने विणा. घट्ट विणा. विणणारा हात घरातच असेल. नसेल तर शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना बोलवा. त्यांच्याजवळ बसून ती वीण मुलांना शिकू द्या. पैसा वाचला, तो बियाण्याला आणि मुलांच्या शाळेला उपयोगी पडेल. घामाने मिळवलेला पैसा विचाराने खर्चावा, म्हणजे तो पुरतो.

लक्षात ठेवा

१. लाकूड ओळखल्याशिवाय विकू नका.
२. हप्ता बघू नका, हप्त्यांची बेरीज बघा.
३. पाण्यात कळी टाका, कळीवर पाणी ओतू नका.
४. जुना तेलरंग कोरडा घासू नका.
५. तेलाची फडकी पाण्यात बुडवा.

उत्तरे लिहा

१. खाटेला खिळा का ठोकू नये? त्याऐवजी काय करावे?
२. महिन्याचा हप्ता ६५० रुपये आहे. दहा महिने भरायचा आहे. एकूण किती रुपये होतील?
३. तुमच्या घरात जुन्या लाकडी वस्तू कोणत्या आहेत? त्यांची यादी करा. प्रत्येकीपुढे लाकडाचे नाव लिहा.