सांदवाडीत कोण कोण येतं

चंद्रपूरला आलेला पाहुणा पहिल्यांदा ताडोब्याचं विचारतो. वाघ दिसतो का, मोहर्ली गेटनं जावं की दुसऱ्या. आमच्या तुकूमच्या घरामागच्या सांदवाडीबद्दल कोणी विचारत नाही आणि मला सांगायचं असतं ते तिच्याबद्दल. मुनगा, लिंबू, कढीपत्ता, पेरू, कण्हेर, एक कडूलिंब, वालाचा मांडव, एवढाच तिचा पसारा. पण तुकूमपुढे दुर्गापूर, मग ऊर्जानगर आणि तिथून रस्ता मोहर्लीच्या रानात शिरतो. अशा ठिकाणी बाग करताना काय लावायचं याच्याइतकंच कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, हेही ठरवावं लागतं.

१. उन्हाळ्यात आधी पाण्याची सोय करावी. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. मातीचं पसरट परळ घ्यावं, बोटभर पाणी घालावं आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा. दगड मधमाश्यांसाठी, गुळगुळीत भांड्यात त्या घसरून बुडतात. परळ सावलीत हवं, पण झुडपापासून चार हात लांब, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही. पाणी रोज ओतून, परळ घासून पुन्हा भरायचं. साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात, आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसाला मलेरिया काय असतो ते सांगावं लागत नाही. सकाळी बुलबुल येतात, भर दुपारी खार येते, उन्हं कलली की सातभाईंचा अख्खा गोतावळा उतरतो. ढकलाढकली, कलकल, पंखांची फडफड! ती अंघोळ बघायला मी संध्याकाळचा चहा मागच्या पायरीवर घेते. या वेळी घरात कोणी हाक मारली तरी मी उठत नाही.

२. कूलरचं पाणी वाया घालवू नये. टाकी रिकामी करताना ते कण्हेरीच्या बुडाशी सोडलं की तिथे ओल धरते. आजूबाजूची सगळी माती भेगाळलेली असताना त्या ओलीवर फुलपाखरं बसतात आणि चिखलातले क्षार शोषतात. कुंभारमाशी तिथूनच गारा उचलते आणि आमच्या खिडकीच्या चौकटीत इवलंसं मडकं बांधते. डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या पिल्लाची शिदोरी म्हणून आत भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. पुढे त्या मडक्याला भोक दिसलं की समजायचं, पिल्लू माशी होऊन उडालं. खिडकीची साफसफाई तोवर थांबते.

३. लिंबाची चार पानं खाऊ द्यावीत. कोवळ्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर झटकू नये. ती फुलपाखराची लहान अळी असते आणि त्या सोंगामुळेच पक्ष्यांपासून वाचते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि तिला डिवचलं तर डोक्यामागून शिंगासारखा अवयव बाहेर काढते, त्याला उग्र वास येतो. कढीपत्त्यावरही ती असते. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉन याच कुळातल्या झाडांवर वाढतं. आमच्याकडे ते अजून आलेलं नाही. मी वाट बघते आहे. लिंबावर औषध मारायचं नाही हा आमच्या घरचा नियम आहे, आणि तरीही लोणच्यापुरती लिंबं मिळतात.

४. पाला जाळू नये. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची रीत इकडे जुनी आहे आणि त्यातून रानाला वणवे लागतात. शहरातही मार्च आला की घरोघरी झाडलोट करून ढिगाला काडी लावतात. आमचा पाला कुंपणाच्या कोपऱ्यात पडून कुजतो. सातभाई तो पान-पान उलटून किडे शोधतात. पावसाळ्यात खालची माती काळी, भुसभुशीत होते, तीच मी वालाला घालते. कोळसा खाणी आणि वीज केंद्र यांच्यामुळे २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं चंद्रपूरला अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत गणलं. पानांवरून बोट फिरवलं तर आजही काजळी लागते. त्या हवेत आणखी धूर कशाला?

५. मात्र हा पाला घराच्या भिंतीला टेकू देऊ नये. विटा, सरपण, जुनी कौलं यांचंही तेच. तिथे उंदीर होतात आणि उंदरांमागे साप येतात. धामण दिसली तर तिला जाऊ द्यावं. ती बिनविषारी आहे आणि उंदीर तीच आटोक्यात ठेवते. खरी काळजी मण्यारीची. ती रात्री फिरते, पावसाळ्यात घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा चावल्याचं दुखतसुद्धा नाही. माझी आई सिंदेवाहीची. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली घट्ट खोचल्याशिवाय ती कोणाला झोपू देत नसे. मी नातवंडांना तेच करते, आणि रात्री मागच्या दारी जायचं तर टॉर्च आणि चप्पल. साप घरात आला तर सर्पमित्राला फोन करावा. चावला तर मांत्रिकाकडे घटकाभरही घालवू नये, तडक सरकारी दवाखाना गाठावा. प्रतिविषाला पर्याय नाही.

६. पेरूंवर हक्क सांगू नये. अर्धे राघू खातात, उरलेल्यातले काही वानरं. राघू पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पेरूच्या फांदीवर तो फुकट बघायला मिळतो, तोही उलटा लटकलेला. वानरांना हातानं खायला मात्र घालू नये. एकदा सवय लागली की ती स्वयंपाकघरापर्यंत येतात.

७. काही पाहुणे नकोतच. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाजूला बिबटे वस्तीत येतात. तिथे माणसं गेली आहेत, लहान मुलंही. हे ज्यानं ऐकलंय तो बागेत रान माजू देत नाही. बिबट्या मोकाट कुत्री, डुकरं, कोंबड्या यांच्यासाठी येतो. म्हणून मटणाचं उष्टं, हाडं उघड्यावर टाकायची नाहीत, कोंबड्या पक्क्या खुराड्यात कोंडायच्या, कुंपणालगतची झुडपं छाटायची, मागचा दिवा चालू ठेवायचा आणि अंधार पडला की मुलं आत. माझी बहीण कुरखेड्याकडे असते. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्ती गडचिरोलीत आले, तेव्हापासून तिच्याकडे घरात मोह साठवतानाही विचार करतात, कारण त्या वासानं हत्ती घरापर्यंत येतात. फुलपाखरांसाठी लिंबू लावणारीनं बिबट्यापासून मुलांना जपावं, यात मला विसंगती वाटत नाही. रानाशेजारी नांदायचं तर दोन्ही करावं लागतं.

८. आधी कान लावावा, मग डोळे. पावशा मृगाच्या आधीच ‘पेर्ते व्हा’ सुरू करतो. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते आणि पुढे सातभाई त्या परक्या पोराला भरवत फिरतात. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो. पहाटे आणि संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ पाल्याच्या बाजूनं ऐकू येते. आमच्याकडे तो वाटेवरचा वाटसरू, चार दिवस थांबतो आणि रानाकडे जातो.

९. मोठी झाडं बागेत मावत नसतील तर गल्लीत लावावीत. हरियाल हा आपला राज्यपक्षी, वड-पिंपळ-उंबराच्या फळांवर जगणारा. त्याला बोलवायचं तर ही झाडं हवीत, पण घराच्या पायाजवळ आणि पाण्याच्या टाकीजवळ उंबर लावणं शहाणपणाचं नाही, मुळं फार पसरतात. आमच्या लेआउटमधल्या मोकळ्या जागेवर यंदा दोन उंबर लावायचे ठरले आहेत. शेजारचे काका खड्डे खणून देणार आहेत, गुरांपासून जपायला बांबूचं कुंपण मी करून घेते आहे. पहिले दोन उन्हाळे पाणी कोणी कोणत्या वारी घालायचं, याची यादी येत्या रविवारी करायची आहे.