साथीचे दिवस आणि द्राक्षबागेंतील मजूर

दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागाईतदारांपुढें साथीच्या रोगाचा विषय मांडण्याचें कारण असें कीं, बागेंतील कामाची गर्दी आणि साथीचा जोर हीं दोन्ही एकाच वेळीं येऊं शकतात, आणि द्राक्षाचें काम तर सर्वस्वीं माणसांच्या हातांवर चालतें. २०२० सालीं हें आपण पाहिलें. ऐन काढणीच्या भरांत, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. मजुरांची ये-जा थांबली, बाजार बंद पडले, आणि खाण्याच्या द्राक्षांचे पुष्कळांना बेदाणे करावे लागले. त्यापूर्वीं १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची साथ आली. तिची दुसरी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरांत, म्हणजे रब्बीच्या तोंडावर उठली. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं, आणि त्यांत वीस ते चाळीस वर्षांचीं कमावतीं माणसें फार होतीं. त्या वर्षीं पावसानेंही दगा दिला होता. त्यांत नांगर धरणारे हातही गेले.

असल्या रोगाचे विषाणु मुख्यतः श्वासावाटे पसरतात. खोकतांना-बोलतांना उडणारे मोठे थेंब कांहीं हातांवर खालीं पडतात. अगदीं बारीक कण मात्र बंद खोलींत बराच वेळ तरंगत राहतात. मांडवाखालीं उघड्या वाऱ्यांत विरळणी करणाऱ्या दोघांना एकमेकांपासून धोका थोडा. पेठ-सुरगाण्याकडून दाटीवाटीनें भरून येणारी जीप, रात्रीं टोळी जेथें निजते ती पत्र्याची शेड, आणि दारें लावून चालणारें पॅकहाऊस, हीं खरीं धोक्याचीं ठिकाणें होत. भुरी व केवडा यांच्या भयानें आपण जादा फुटी काढून मांडवांत वारा खेळता ठेवतों. माणसांच्या शेडीला समोरासमोर दोन खिडक्या ठेवण्याचें मात्र आपणांस सुचत नाहीं. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. वेलीवर औषध मारतां येतें, माणसावर मारूं नये. २०२० सालीं कांहीं ठिकाणीं माणसांच्या अंगावर जंतुनाशकें फवारलीं गेलीं. त्यानें शरीरांतील विषाणु मरत नाहींत, डोळे व कातडी मात्र भाजते.

टोळ्यांची सरमिसळ करूं नये. एका टोळीनें एकाच जीपमधून यावें, एकाच शेडींत राहावें आणि एकाच प्लॉटांत काम करावें. करोनासारख्या रोगांत लक्षणें दिसण्यापूर्वीं एकदोन दिवस माणूस रोग पसरवूं शकतो. तेव्हां एकाला ताप आल्यावर सर्व मळा बंद ठेवण्यापेक्षां एक टोळी बाजूला ठेवणें सोपें जातें. पॅकहाऊसमध्यें व वाहनांत नाकातोंडावर घट्ट बसणारी मुखपट्टी असावी. फवारणीच्या मुखपट्टीस श्वास बाहेर सोडणारी झडप असेल, तर ती घालणाराचें रक्षण करते, शेजाऱ्याचें करीत नाहीं. साबण व पाणी बांधावर ठेवावें. हगवणीसारख्या दुसऱ्या रोगांनाही त्यानें आळा बसतो.

परंतु आमच्या मतें सर्वांत मोठी गोष्ट निराळीच आहे. ताप आलेला मजूर तो सांगत नाहीं, कारण सांगितलें कीं त्याचा दिवसाचा रोज बुडतो. अंगावर ताप काढून तो कात्री चालवतो, रात्रीं दहा जणांत निजतो, आणि चार दिवसांनीं सगळी टोळी आडवी पडते. या लपवाछपवीवर उपदेश चालत नाहीं. आजाराच्या दिवसांचा रोज मालकानें द्यावा, आणि हें काम सुरू होण्यापूर्वींच मुकादमासमक्ष सांगावें. खर्च होतो, हें खरें. पण एका माणसाचा पांच दिवसांचा रोज आणि पिकून तयार असलेली बाग काढणीवांचून उभी राहणें, यांचा हिशेब बागाईतदारास शिकवावयास नको. शिवाय ज्याच्या हातावर आपलें पीक उभें आहे, त्याला तापांत राबवणें हें शोभणारेंही नाहीं.

आजाऱ्यास वेगळ्या, हवेशीर जागीं ठेवावें. पाणी व हलकें अन्न द्यावें. काढा कोणी प्यायला तर आमची हरकत नाहीं, मात्र काढ्याच्या भरंवशावर दवाखाना लांबवूं नये. विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो, म्हणून दुकानांतून मनानें गोळ्या आणूं नयेत. बोटास लावावयाचें प्राणवायु मोजण्याचें यंत्र प्रत्येक मळ्यावर एक तरी असावें. करोनांत कित्येकांना धाप न लागतांच रक्तांतील प्राणवायु उतरत असे. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचा आंकडा ९४ च्या खालीं गेला, किंवा त्याला धाप लागली, छातींत दुखूं लागलें अथवा तो बरळूं लागला, तर रात्र असली तरी गाडी काढून त्याला ग्रामीण रुग्णालयांत न्यावें. सकाळची वाट पाहूं नये.

लसीची व्यवस्था हंगामापूर्वीं करावी, कारण टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाहीं. त्यास कांहीं आठवडे लागतात. ऑक्टोबर छाटणीच्या टोळ्या ठरवितांनाच मुकादमाकडून प्रत्येकाचें नांव, गांव आणि घरच्या माणसाचा फोन वहींत लिहून घ्यावा, आणि ती वही शेडीच्या दाराशीं टांगून ठेवावी.